माळवद, कौल आणि पत्रा



चैत्र सरत आला म्हणजे आपल्याकडच्या पुष्कळ शाळा सकाळच्या होतात. उन्हे चढायच्या आत मुले घरी जातात. कारण विचारले तर आपण म्हणतो, ऊन. पण ऊन काही वर्गात शिरत नाही. ते पडते छपरावर. तेव्हा शाळेचे वेळापत्रक उन्हाने नव्हे, छपराने ठरवले आहे असे मी म्हटले, तर निदान शिक्षक मित्र तरी मला विरोध करणार नाहीत. पत्र्याच्या खोलीत दुपारी दोन वाजता फळ्याजवळ उभे राहून ज्यांनी भागाकार शिकवला आहे, त्यांना हे सांगायला नको. तिथे आधी डोके तापते, अंग मागाहून.

त्याच गावात एखादे जुने माळवदाचे घर अजून उभे असेल, तर दुपारी तिथे जाऊन बसून पाहा. आत अंधार असतो, पण जीव थंड होतो. म्हातारी माणसे म्हणतात, "आमच्या वेळची घरेच वेगळी होती." खरे आहे. पण एवढ्यावर ही गोष्ट संपत नाही. ज्या छपराने पिढ्यान् पिढ्या थंडावा दिला, त्याच छपराखाली एका रात्री माणसे गाडली गेली, हेही आपल्याच मुलखात घडले आहे. म्हणून जुने चांगले आणि नवे वाईट असा झटपट निकाल न देता, आपल्या डोक्यावरचे छपर कसकसे बदलत गेले, हे आज आपण थोडे सावकाश पाहू.

प्रथम माळवद. खानदेश-वऱ्हाडात याला धाबे म्हणतात. सोलापूर, मराठवाडा या बाजूला माळवद. घर मोजायचे ते खणांवर. लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर किलचण, म्हणजे काटक्यांचा वा फळ्यांच्या तुकड्यांचा दाट थर. त्यावर कडुलिंबाचा किंवा निरगुडीचा पाला, आणि सर्वांत वर चोपून बसवलेली पांढरी माती. श्रीमंताच्या वाड्यात किलचणाच्या जागी रंधून घेतलेल्या फळ्यांची तक्तपोशी असे. गरिबाकडे बाभळीच्या काटक्या असत. मातीचा थर मात्र दोघांकडे सारखाच. उजेडासाठी वर एक भोक, त्याला साणे म्हणत, आणि पाणी जायला पन्हळ.

माती पांढरीच का? आपल्या काळ्या मातीचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. ती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. अशी माती छपरावर घातली तर पहिल्या पावसात घरात धार लागायची. पांढरी माती तशी भेगाळत नाही. ही माती मिळते ती जुन्या गावठाणाच्या टेकाडात. शेताला 'काळी' आणि गावठाणाला 'पांढरी' म्हणण्याची आपली रीत याच मातीवरून आलेली. शेकडो वर्षे माणसे राहिली, चुली पेटल्या, राख पडली, भिंती ढासळल्या, त्यांची ही माती. धाराशिव जिल्ह्यातले तेर गाव घ्या. परदेशी व्यापाऱ्यांनी 'तगर' म्हणून ज्याचा उल्लेख केला, तेच हे प्राचीन नगर. अशा गावांत माळवदासाठी टेकाड खणायला गेलेल्या माणसाच्या कुदळीला जुनी खापरे, मणी, मृण्मय मूर्ती लागत. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू जन्मभर गोळा केल्या. त्यांच्या नावाचे संग्रहालय तिथे आहे. इतिहासाच्या माणसाला ही मोठी विचित्र गोष्ट वाटते. सातवाहनांच्या काळातली वस्ती खणून काढायची आणि आपल्या डोक्यावर पसरायची! टेकाडे त्यामुळे पोखरली गेली याचे दुःख आहेच; पण त्या शेतकऱ्याला पावसाळ्याआधी छप्पर नीट करायचे होते, हेही विसरून चालणार नाही.

आता हे माळवद थंड का राहते? दीड फूट मातीतून उष्णता फार सावकाश खाली उतरते. दुपारचे ऊन आतल्या बाजूला पोचेपर्यंत दहा-बारा तास निघून जातात आणि तोवर त्याचा जोरही सरलेला असतो. ते पोचते मध्यरात्रीनंतर. त्या वेळी घरातली माणसे कुठे असतात? वर, माळवदावर अंथरूण टाकून. पठारावरची रात्र थंड असते, वरून उघड्या आकाशाकडे मातीची ऊब निघून जाते, आणि सकाळी छप्पर पुन्हा नव्याने तापायला तयार होते. म्हणजे नुसते छप्पर नव्हे, माणसांची दिवसाची आणि रात्रीची जागासुद्धा या हिशेबात धरलेली होती.

कोकणात हे चालायचे नाही. तिथल्या पावसाने मातीचे धाबे एका श्रावणात वाहून जाईल. म्हणून तिथे उतरते छप्पर: आढे, वासे, रिपा, त्यावर गवत नाहीतर कुंभाराने केलेली नळीची कौले. दर वर्षी पावसाच्या तोंडावर घर शाकारायचे. १८६५ साली बासेल मिशनच्या जर्मन-स्विस मंडळींनी मंगळूरला चपट्या, एकात एक अडकणाऱ्या कौलांचा कारखाना काढला, आणि ही 'मंगलोरी' कौले गलबतांतून किनाऱ्याकिनाऱ्याने पसरली. मातीचा जाड थर इथे नाही, तरी कोकणातले घर दुपारी सोसवते. ते कसे? एक तर कौलांच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते. आणि दुसरे, खरे महत्त्वाचे, पोटमाळा. कौले आणि राहती खोली यांच्यामध्ये फळ्यांची एक जमीन आणि तिच्यावर हवेची एक पोकळी. तिथे आपण नारळ, भाताचे बियाणे, मोडकी पाळणी आणि आजोबांच्या पोथ्या ठेवतो, आणि तो अडगळीसाठीच केला आहे असे समजतो. पण वरची झळ तो आधी स्वतःच्या अंगावर घेतो.

म्हणजे उष्णता अडवण्याच्या दोन तऱ्हा झाल्या. देशावरची वजनाची, कोकणातली हवेच्या पोकळीची. हा फरक ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

तिसरे छप्पर आले साहेबाच्या देशातून. १८२९ साली लंडनच्या गोदीतला एक इंजिनियर, हेन्री पामर, याने लोखंडी पत्र्याला पन्हळी घालण्याची युक्ती काढली. पातळ पत्रा वळ्या पाडल्या की ताठ उभा राहतो. कागदाची घडी घालून मुलांना हे वर्गात दाखवता येईल. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये सोरेल याने लोखंडावर जस्त चढवण्याची रीत शोधली, आणि गंजही लांबला. पत्रा हलका, घरी आणून एका दिवसात ठोकता येतो, त्याला दर वर्षी माती नको, शाकारणी नको. आपण त्याला आज नावे ठेवतो, पण माळवदावर दर ज्येष्ठात पाटीपाटीने माती कोणी चढवली, गळक्या जागी रात्रीबेरात्री भांडी कोणी लावली, किलचणातून पडलेला विंचू कोणाच्या अंथरुणात गेला, हे त्या घरातल्या बायकांना विचारा. पत्रा गावात आला तो काही नुसता हौसेने नव्हे.

त्याचा दोष एकच, पण मोठा. त्याला वजनही नाही आणि त्याच्यात पोकळीही नाही. भर उन्हात पत्रा साठ अंशांच्या वर जातो आणि खालच्या माणसावर सरळ झळ टाकतो, जशी तापलेल्या तव्यावर हात धरल्यावर लागते. पंखा लावा, तो तीच तापलेली हवा फिरवतो. पत्र्याची झळ पंख्याने अडत नाही.

आता १९९३ सालाकडे येऊ. त्या वर्षी २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या गावांत गणपती बुडवून माणसे उशिरा घरी आली आणि झोपली. ३० तारखेच्या पहाटे, चारला चार मिनिटे कमी असताना, किल्लारी-सास्तूरच्या परिसरात भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली. जवळच्या कितीतरी गावांत घर म्हणून काही उरले नाही. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

एवढी माणसे का गेली, याचा हिशेब शाळेतल्या गणिताइतका सोपा आहे. एक घनफूट माती साधारण ४५ किलो भरते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीवर दीड फूट थर असेल, तर माती १५० घनफूट. वजन ६,७५० किलो. झोपलेल्या माणसाच्या वर पावणेसात टन! आणि हा थर मुळात एवढा जाड नव्हता. माळवद गळले की वर नवी माती टाकायची, जुनी काढायची नाही, असे वर्षानुवर्षे चालले. बापाने टाकली, मुलाने टाकली. थंडावाही वाढत गेला आणि ओझेही.

पण सगळा दोष माळवदावर टाकणे बरोबर नाही. ज्या घरांत लाकडाचा सांगाडा मजबूत होता, तिथे पुष्कळ ठिकाणी खांब-तुळया आपल्या जागी राहिल्या आणि भिंती कोसळल्या. या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाड. दोन्ही बाजूंनी दगड रचलेले, मध्ये खडी-माती भरलेली, आणि भिंतीच्या आरपार जाणारा, दोन्ही अंगे बांधून ठेवणारा लांब दगड जवळजवळ कुठेच नाही. जमीन हलताच त्या उभ्या चिरल्या. जाणकारांनी नंतर सांगितले ते हेच: भिंतीत आरपार दगड घाला, वरून पट्टा बांधा, माळवदाची माती कमी करून पातळ थर ठेवा, आणि पाणी अडवायला मातीखाली प्लास्टिकचा कागद घाला. असे केले तर माळवद राहू शकते. मात्र ज्याने आपली माणसे मातीतून उकरून काढली, त्याला हे कोण पटवणार? आदल्या वर्षीही, १९९२ मध्ये, त्या भागाला धक्के बसले होते. तेव्हा पटवून द्यायला वेळ होता. भूकंपानंतर दगड-मातीचे नावच लोकांना नकोसे झाले. तात्पुरते निवारे पत्र्याचे उभे राहिले, पक्की घरे सिमेंटची. पत्र्याखाली माणूस भाजतो, पण पत्रा पडला तर मरत नाही, असा तो व्यवहार होता. मी त्याला चूक म्हणणार नाही.

मग आता मार्ग काय? माळवदाचे वजन नको, पत्र्याची झळ नको. इथे कोकणातला पोटमाळा आठवा. आणि त्याच्या जोडीला एक दूरची गोष्ट ऐका. १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टन बंदरातून एक जहाज बर्फ भरून निघाले आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचले. वाटेत दोनदा विषुववृत्त ओलांडून! बर्फ काही वितळला, पण पुष्कळसा शिल्लक राहिला. कशामुळे? लाकडाच्या भुशामुळे. पुढे असाच बर्फ मुंबईलाही उतरू लागला. भुसा स्वतः थंड नसतो. त्याच्या कणांमध्ये हवा अडकून पडते, आणि अडकलेली, न हलणारी हवा उष्णतेला जाऊ देत नाही. आपली गोधडी हेच करते. ती ऊब देत नाही, आपली ऊब बाहेर जाऊ देत नाही. जी वस्तू थंडीत आतली ऊब राखते, तीच उन्हाळ्यात बाहेरची झळ अडवते.

थंड देशांतल्या लोकांनी घराला अशी गोधडी पोटमाळ्यावर पांघरली. आधी भुसा, गवत. त्याच बोस्टनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समुद्रातले वाळलेले गवत कागदात शिवून विकू लागले. मग लोखंडाच्या भट्टीतल्या मळीची आणि दगडाची लोकर, आणि १९३० नंतरच्या दशकात ओहायो राज्यात काचेच्या तंतूंची लोकर. १९७३ साली तेलाचे भाव भडकले तेव्हा तिकडच्या सरकारांनी पोटमाळे झाकायला लोकांना पैसे दिले. या इतिहासात चुकाही आहेत आणि त्या आपल्याला फुकट शिकायला मिळतात. ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरा शहरात १९६८ ते १९७९ या काळात हजारांहून अधिक घरांच्या पोटमाळ्यांत मोकळे ॲस्बेस्टॉस भरले. ते तंतू फुप्फुसात गेले की कर्करोग होऊ शकतो. शेवटी २०१४ पासून सरकारने ती घरे विकत घेऊन पाडायला सुरुवात केली. त्याच देशात २००९-१० मध्ये घाईघाईने काढलेल्या योजनेत चार तरुण कामगार दगावले. तिघांना विजेचा धक्का बसला, चौथा पोटमाळ्यातल्या उष्म्याने गेला. चकाकणारी धातूची पन्नी ठोकताना खिळा विजेच्या तारेत गेला, असेही त्यांत घडले होते.

आता तुमच्या छपराकडे या. आपल्याकडे पुष्कळ शेतकरी उन्हाळ्यात पत्र्यावर उसाचे पाचट, तुराट्या नाहीतर कडबा पसरतात. ही खरी गोधडी आहे आणि ज्याने ती पहिल्यांदा टाकली त्याला कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते. पण ठिणगी पडली तर सारे घर जाते, आणि पाऊस लागला की ओले पाचट पत्रा गंजवते. तेव्हा टाकायचेच तर चुलीच्या धुराड्यापासून लांब, आणि मृगाच्या आधी उतरवून.

कायमचे काही करायचे तर आधी गळती बंद करा. ओली लोकर ओल्या गोधडीसारखीच निरुपयोगी. मग पत्र्याखाली वीतभर तरी जागा सोडून छत बांधा: बांबूच्या चटईचे, फळ्यांचे, सिमेंटच्या पातळ तक्त्यांचे, जे परवडेल ते. या पोकळीला दोन्ही टोकांना, शक्य तर आढ्याशी, झरोके ठेवा म्हणजे तापलेली हवा निघून जाईल. झरोक्यांना बारीक जाळी लावा, नाहीतर चिमण्या आणि उंदीर पहिल्याच वर्षी संसार थाटतील. एवढ्यानेच झळ बरीच कमी होते. पैसे असतील तर छतावर काचेची किंवा दगडाची लोकर अंथरा. ती दाबून बसवू नका. दाबली की आतली हवा गेली आणि पैसेही गेले. फटी सोडू नका. अंथरताना तोंडाला फडके आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवा, कारण तिचे तंतू टोचतात. चकाकणारी पन्नी लावायची असेल तर तिच्यासमोर मोकळी हवा असली पाहिजे. पत्र्याला चिकटवून दोन थरांमध्ये कोंडली तर तिचा काही उपयोग नाही. आणि पन्नी लावण्याआधी वीज मुख्य बटणापासून बंद करा, तारा नळीत आहेत की नाहीत ते पाहा. काम पहाटे करा, दुपारी नव्हे. थर्मोकोल स्वस्त म्हणून स्वयंपाकघरावर लावू नका. तो पेटतो आणि त्याचा धूर वाईट.

सिमेंटच्या स्लॅबचे दुखणे निराळे. तो जड असूनही पुरेसा जाड नाही. दुपारी घेतलेली उष्णता तो संध्याकाळी, नेमके आपण घरात आल्यावर, परत देतो. त्याच्या वर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर पांढऱ्या फरशीचे तुकडे, किंवा निदान दर फाल्गुनात चुन्याची सफेदी, हा जुना उपाय उत्तम. पांढरा रंग ऊन परतवतो. अहमदाबादेत २०१७ पासून गरीब वस्त्यांतली छपरे पांढरी करण्याचे काम नगरपालिकेने हाती घेतले ते याचमुळे. पत्र्यावर मात्र चुना लावू नका. तो टिकत नाही आणि जस्त खातो. पत्र्यासाठी वेगळा पांढरा रंग मिळतो. घरावर जुने सिमेंटचे ॲस्बेस्टॉस पत्रे असतील, तर छत बांधण्यासाठी त्यांना भोके पाडू नका, करवतू नका, कोरडे झाडू नका. छताचा सांगाडा भिंतीवर वेगळा टेकवा.

शिक्षक मित्रांना एक काम सांगतो. शाळेत दोन तापमापके असतील तर एक पत्र्याच्या वर्गात आणि एक गावातल्या जुन्या माळवदाच्या घरात, जमिनीपासून सारख्या उंचीवर टांगा. पहाटे सहापासून रात्री दहापर्यंत दर दोन तासांनी मुलांकडून आकडे लिहून घ्या आणि फळ्यावर दोन रेषा काढा. पत्र्याच्या खोलीची रेषा सूर्याबरोबर चढेल आणि सूर्याबरोबर उतरेल. माळवदाच्या घराची रेषा जेमतेम हलेल. मग पत्र्याच्या वर्गाला छत बांधून झाल्यावर, पुढच्या वैशाखात, त्याच जागी तेच तापमापक पुन्हा टांगा.